ब्रेक मारला की गाडी ओढते? आधी जुने पॅड मागून घ्या

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

गाडी चालवत ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजचा विषय गाडीचाच आहे आणि तुमची गाडी काय म्हणते तेही ऐकू यायला पाहिजे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी बीड जिल्ह्यातला, बी.टेक. झालेला, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मी मेस्त्री नाही. पण बिघाड शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि गाडीचा बिघाड शोधायची पद्धत आमच्या कामापेक्षा फार वेगळी नसते, हे मला एका मेस्त्रीनेच शिकवलं. ते पुढे सांगतो.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. एरवी सरळ चालणारी गाडी जोरात ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. का ओढते? आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं कसं?

हातभर जागेचा हिशोब

आपल्याकडे परळीला रेल्वे जुनी आहे, पण बीड शहरात अहिल्यानगरहून गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. तोपर्यंत सगळं रस्त्यानेच. दवाखान्यासाठी छत्रपती संभाजीनगर, नोकरीसाठी पुणे, देवासाठी पंढरपूर, लग्नासाठी कुठलंही गाव. आणि रस्ते कसे, तर मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मध्येच बैलगाडी, मध्येच रंग न मारलेला गतिरोधक. म्हणजे जोरात ब्रेक दाबायची वेळ आपल्यावर वर्षातून एकदा येत नाही, आठवड्यातून एकदा येते.

आता हिशोब करा. दोन पदरी रस्त्याचा एक पदर साधारण साडेतीन मीटरचा असतो. लहान गाडीची रुंदी १.७ मीटरच्या आसपास. म्हणजे पदराच्या मधोमध चाललात तर दोन्ही बाजूंना एक मीटरपेक्षाही कमी जागा उरते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. त्या एका सेकंदात ती हातभर उजवीकडे सरकली, की तुम्ही समोरून येणाऱ्या ट्रकच्या पदरात. डावीकडे सरकली, तर डांबर संपून साइडपट्टीचा खड्डा.

आणि हे तपासतं कोण? बऱ्याच जणांना वाटतं, पीयूसी काढलीय म्हणजे गाडी ठीक आहे. पीयूसी फक्त धूर बघते, ब्रेक बघत नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, आणि त्या मधल्या काळात फिटनेस तपासणीला न्यायची सक्ती नसते. म्हणजे दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात की नाही, हे तुम्ही स्वतः बघितलं नाही तर १५ वर्षं कुणीच बघणार नाही.

बैलजोडीचा नियम

गाडी का ओढते, हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. जोडीतला एक बैल थांबला आणि दुसरा चालतच राहिला, तर गाडी कुठे वळेल? थांबलेल्या बैलाच्या बाजूला. बरोबर?

कारचंही तसंच आहे. ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो, त्या बाजूला गाडी वळते. म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल, तर उजवा ब्रेक डाव्यापेक्षा जास्त काम करतोय. मग दोषी कोण? बहुतेक वेळा डावा, कारण तो आळशी झालाय. उजवा बिचारा आपलं काम नीट करतोय.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गाडी उजवीकडे ओढते म्हणून लोक उजवं चाक खोलतात. तिथे सगळं ठीक दिसतं. मग "काही नाही, अलाइनमेंट करून घ्या" म्हणून गाडी परत मिळते.

आणखी एक गोष्ट. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, नाक खाली दबतं. त्यामुळे गाडी थांबवायचं मोठं काम पुढची दोन चाकं करतात. म्हणून सरळ ओढ असेल तर शोध पुढच्या चाकांपासून सुरू करायचा. मागच्या चाकांची लक्षणं वेगळी असतात, ती नंतर बघू.

आधी तक्रार नीट लिहा

आमच्या कामात कुणी येऊन म्हणतं, "ॲप चालत नाहीये." एवढ्यावर काहीच करता येत नाही. कुठल्या फोनवर, कुठलं बटण दाबल्यावर, दरवेळी की कधीकधी, हे कळलं की निम्मं काम होतं. गाडीचंही तेच. गॅरेजला जाण्याआधी फोनच्या नोट्समध्ये एवढं लिहून ठेवा.

एक. कुठल्या बाजूला ओढते, आणि दरवेळी त्याच बाजूला का? कधी डावीकडे कधी उजवीकडे असेल, तर स्टिअरिंगचे किंवा सस्पेन्शनचे सांधे ढिले असण्याची शंका घ्या.

दोन. ब्रेक न मारताही ओढते का? तसं असेल तर टायर, अलाइनमेंट किंवा एखादा ब्रेक सुटतच नसल्याची शक्यता.

तीन. हलक्या ब्रेकला ओढते, की फक्त जोरात दाबल्यावर?

चार. सकाळी थंड असताना, की घाट उतरून ब्रेक तापल्यावर?

पाच. पेडल कसं लागतं? घट्ट, की स्पंजसारखं, की नेहमीपेक्षा खोल जातं?

सहा. अलीकडे काय बदललं? एकच टायर नवा टाकला, पुढे एकाच बाजूचं काही काम केलं, गाडी खड्ड्यात आदळली, असं काही.

यात सातवी गोष्ट रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला थोडा उतरता केलेला असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकणं हे सगळ्याच गाड्यांचं होतं. शिवाय आपल्याकडे समोरून मोठी गाडी आली की डावी चाकं मातीत उतरवावी लागतात. त्या वेळी ब्रेक दाबला तर डाव्या चाकांखाली माती, उजव्यांखाली डांबर. पकड डांबरावर जास्त, म्हणून एबीएस नसलेली गाडी उजवीकडे झटका देते. हा गाडीचा बिघाड नाही. एकसारख्या, कोरड्या, सपाट जागेवरही गाडी ओढते का, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काकांची गाडी

आता एक खरं उदाहरण घेऊ. माझे काका गेवराई तालुक्यात शेती करतात, आठवड्यातून दोनदा बीडला येतात. त्यांची जुनी छोटी गाडी आहे, एबीएस नसलेली. भारतात नव्या मॉडेलच्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्या अजून आपल्या रस्त्यांवर आहेत.

तक्रार अशी होती, की जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाते. एका गॅरेजने पुढचे पॅड बदलले, अलाइनमेंट केलं, पैसे घेतले. आठवडाभर बरं वाटलं आणि मग परत तेच. चार महिने काका तशीच चालवत होते. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा म्हणाले, "आरं, पॅड झाले, अलाइनमेंट झालं. आता गाडीच बदलतो, दुसरं काय बदलायचं राहिलंय?"

आमच्या ओळखीचे एक वयस्कर मेस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली. काकांनी विचारलं, "चाचा, काय बदलावं लागंल?" चाचा म्हणाले, "काय बदलायचं ते नंतर बघू. आधी कोण काम करत नाही ते शोधू." माझ्या मते आजच्या भागातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

पहिलं काम टायरचं. थंड असताना चारही टायरची हवा मोजली, पुढच्या दोन्हींत सारखी केली. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावले. तर्क सोपा आहे. दोष टायरमध्ये असेल, तर टायरबरोबर ओढही दुसऱ्या बाजूला जाईल. ओढ उजवीकडेच राहिली. म्हणजे टायर सुटले. पण ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते असे अदलाबदल करू नका.

दुसरं, चाचणी. रविवारी संध्याकाळी मोंढा बंद असतो, आत काँक्रीटची मोकळी सपाट जागा. वॉचमनला विचारून गाडी आत घेतली. वेग २०, मग ३०, मग ४०. त्याच्या वर अजिबात नाही. २० ला काही कळेना, ४० ला जोरात दाबल्यावर स्पष्ट उजवीकडे. आता बिघाड हवा तेव्हा दाखवता येत होता. आमच्या कामात इथे चहा पितात, एवढा हा टप्पा महत्त्वाचा.

तिसरं, ताप. ब्रेक म्हणजे वेगाचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. जे चाक काम करतं ते तापतं, जे करत नाही ते थंड राहतं. बारा-पंधरा वेळा ब्रेक मारून लगेच चारही चाकांचं तापमान लांबून, बंदुकीसारख्या थर्मामीटरने घेतलं. कोरोनात कपाळासमोर धरायचे तो नाही हं, तो माणसाच्या तापापुरताच असतो. यंत्रांसाठीचा वेगळा मिळतो. उजवी डिस्क दीडशे अंशांच्या आसपास, डावी नव्वदच्या आत. मागची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी. डिस्कला हात लावून बघायचा मोह आवरा, कातडी चिकटते.

पण इथे घाई करायची नाही. उजवी जास्त गरम आहे, याचे दोन अर्थ निघतात. एक तर डावी काम करत नाही, नाही तर उजवी ब्रेक सोडल्यावरही घासत राहते. म्हणून चौथी पायरी. ब्रेक पूर्ण थंड होऊ दिले. मग मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर ब्रेक जवळपास न वापरता गाडी चालवली आणि परत मोजलं. दोन्ही डिस्क सारख्याच. जॅकवर उचलून उजवं चाक हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. उजवा निर्दोष. संशयित एकच उरला, डावा.

पाचवं, आता कुठे डावं चाक खोललं. आणि तिथे पॅडनी सगळी हकीकत सांगून टाकली. आतल्या बाजूचा पॅड बराच झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. चार महिन्यांचे पॅड, एकाच चाकातले, आणि झीज इतकी वेगळी.

हे का झालं ते सांगतो, कारण बहुतेक लहान गाड्यांमध्ये हीच रचना असते. कॅलिपरमध्ये दाब देणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरच्या पॅडला आपल्याकडे ओढून डिस्कवर दाबतो. म्हणजे चिमटा. या पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, चिमट्याचा एकच पाय काम करतो. काकांच्या गाडीत एका पिनेचं रबर फाटलं होतं. आपल्याकडची धूळ आत गेलेली, पावसाचं पाणी गेलेलं, ग्रीस डांबरासारखं घट्ट. पिन हाताने हलेना.

आधीच्या गॅरेजने पॅड नवे टाकले, पण पिना मोकळ्या केल्या नाहीत. जाम पिनेवर कितीही नवे पॅड टाका, चिमट्याचा एकच पाय चालणार. आणि जुने काढलेले पॅड काकांना दाखवलेही नाहीत, सरळ भंगारात. त्या पॅडवर हीच झीज दिसली असती तर प्रकरण तेव्हाच मिटलं असतं. मंडळी, जुने पॅड म्हणजे गाडीची लॉग फाइल. ती न वाचता टाकून द्यायची नसते.

चाचांनी दोन्ही बाजूंच्या पिना साफ केल्या, नवी रबरं टाकली, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅड नवे टाकले, तेही दोन्ही बाजूंना. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने, असं ब्रेकच्या बाबतीत कधीच करायचं नाही.

दुसरा दोष फोनने पकडला

नवे पॅड डिस्कवर नीट बसायला थोडं अंतर चालवावं लागतं, तोवर हलकी ओढ राहू शकते. म्हणून काही दिवसांनी परत मोंढ्यात गेलो. ओढ गेली होती. पण जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंगला एक बारीक झटका, आणि ब्रेक सोडला की उलटा झटका. आता लोक काय करतात? "जाऊ द्या, पहिल्यापेक्षा बरंय." पण एका बिघाडामागे दुसरा लपलेला असतो, हे आमच्या धंद्यात रोज बघतो. मोठा गोंगाट थांबला की बारीक आवाज ऐकू येतो.

फोन एका विटेला टेकवून जमिनीवर ठेवला, गाडीच्या बाजूला चार-पाच हातांवर, स्लो मोशन चालू करून. काकांनी माणूस चालतो तेवढ्या वेगाने गाडी फोनसमोरून नेली आणि पुढचं चाक बरोबर फोनसमोर आल्यावर ब्रेक दाबला. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ घेतले. उजव्या बाजूला चाक मडगार्डच्या कमानीत जागचं हललं नाही. डाव्या बाजूला ब्रेक लागताच चाक मागे सरकलं आणि मग थांबलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, व्हिडिओत लख्ख दिसलं.

चाचांनी पहार लावून बघितलं. लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला. चाकाला जागेवर धरून ठेवणारा हा रबराचा सांधा. तो फाटला की जोरात ब्रेक लागल्यावर चाक मागे जातं, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी दिशा बदलते. हलक्या ब्रेकला काहीच कळत नाही. म्हणूनच या दोषाची ओळख अशी, की फक्त जोराच्या ब्रेकला झटका आणि सोडताना उलटा झटका. बुश बदलले, आणि मग शेवटी अलाइनमेंट केलं. अलाइनमेंट शेवटी करायचं असतं. फाटक्या बुशवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे हलत्या टेबलावर काढलेली रांगोळी.

बाकीचे संशयित

तुमच्या गाडीत हेच निघेल असं नाही. म्हणून बाकीचे संशयित भराभर सांगतो.

ब्रेकचा रबरी होज. बाहेरून चांगला दिसतो, पण आतून सुजतो किंवा सोलतो. तेल दाबाने आत जातं, परत येताना अडकतं. लक्षण म्हणजे ब्रेक सोडला तरी चाक जाम राहतं. अशा वेळी मेस्त्री कॅलिपरची निपल किंचित उघडून बघतात. तेल उडून चाक मोकळं झालं तर दाब होजमध्ये किंवा त्याच्या वर अडकलाय. तरीही जाम राहिलं तर पिस्टन किंवा पिनांचा दोष. निपल उघडली की ब्रेकची हवा काढावी लागते, म्हणून हे घरी करायचं काम नाही.

पॅडवर तेल किंवा ग्रीस. एक्सलचं रबर फाटून ग्रीस उडालं की त्या बाजूचा पॅड घसरतो. असा पॅड घासून, धुऊन परत वापरायचा नाही, दोन्ही बाजूंचे बदलायचे.

ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेल्याची मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, की पेडल एकदम खाली जातं. शिवाय याच पाण्याने पिस्टन आतून गंजतो. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला.

ब्रेकची एक लाइन निकामी होणं. बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरक्या जोडलेल्या असतात. पुढचं उजवं आणि मागचं डावं एकीवर, उरलेली दोन दुसरीवर. एक लाइन गेली तरी गाडी थांबावी, म्हणून ही सोय. पण तेव्हा पुढचं एकच चाक ब्रेक लावतं. मग गाडी गिरकी का घेत नाही? कारण पुढच्या चाकांचा कोन असा ठेवलेला असतो, की ज्या चाकावर ब्रेक जास्त लागतो ते स्वतःच थोडं उलट वळतं आणि ओढ सावरतं. १९७२ साली जर्मनीत आलेल्या ऑडी ८० मध्ये ही जोडी होती आणि नंतर ती अनेक गाड्यांत आली. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की गाडी बराचसा दोष स्वतःच पोटात घालते. म्हणून थोडी ओढ जाणवली तरी आत मोठी गडबड असू शकते. पेडल खोल जातंय आणि ब्रेकचा लाल दिवा लागलाय, तर गाडी जागेवर थांबवा. गॅरेजपर्यंत टोइंग करून न्या.

शेपूट फिरत असेल तर

काही जण सांगतात, गाडी ओढत नाही, पण मागचा भाग फिरतो. हा वेगळा आणि जास्त घातक प्रकार आहे. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली की शेपूट पुढे यायला बघतं, आणि ते सावरणं अवघड असतं. मागे ड्रम असेल तर व्हील सिलिंडर गळतो का, शू एकाच बाजूला जास्त घट्ट आहेत का, हँडब्रेकची केबल अडकलीय का, मागचे टायर गुळगुळीत झालेत का, हे बघा.

पिकअप आणि जीपवाल्यांसाठी खास. तुमच्या बऱ्याच गाड्यांना मागे वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला. तो गंजून अडकतो, किंवा कुणीतरी "ब्रेक कडक लागावा" म्हणून तारेने वर बांधून ठेवतं. भरल्या गाडीत चालून जातं. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर फिरते. खाली वाकून एकदा बघा, तार दिसली तर ती सोडून व्हॉल्व्ह नीट बसवून घ्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"ब्रेक बघून घ्या" असं म्हणू नका. म्हणा, "ताशी चाळीसला जोरात ब्रेक मारला की दरवेळी उजवीकडे ओढते, हलक्या ब्रेकला नाही. टायर अदलाबदल करून बघितले, फरक नाही." एवढं ऐकलं की चांगला मेस्त्री खूश होतो, कारण त्याचा अर्धा दिवस वाचतो.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर बिल चारचं येतं आणि कशाने फरक पडला ते कळत नाही.

तिसरं, काढलेला प्रत्येक भाग मागून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, भाग तुमचा आहे. दोन पॅड शेजारी ठेवून फोटो काढा. आतला आणि बाहेरचा, डावा आणि उजवा. चारही सारखे झिजले असतील तर मनाला शांतता. नसतील तर कुठे बघायचं ते कळलं.

आणि दुरुस्ती होईपर्यंत? शक्यतो गाडी उभी ठेवा. नाइलाज असेल तर वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट, आणि घाटात जायचंच नाही. चालवताना अचानक ओढली तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरा, जिकडे जायचंय तिकडे नजर ठेवा. एबीएस नसेल तर पेडलवरचा पाय थोडा हलका करा, गाडी सरळ झाली की पुन्हा दाब वाढवा. एबीएस असेल तर पाय दाबूनच ठेवा, पेडल पायाखाली थरथरतं ते त्याचं काम आहे.

या रविवारी एवढंच करा. पुढच्या टायरची हवा मोजा, मोकळ्या सपाट जागी कमी वेगात तीनदा ब्रेक मारा, आणि गाडी कुठे जाते ते फोनमध्ये लिहून ठेवा. घरात ज्यांच्या गाडीत तुम्ही बसता, त्या काकांच्या, मामांच्या, दादाच्या गाडीचंही करा. ते म्हणतील, "चालतंय की." चालतंय हे सगळ्यांना माहिती आहे, थांबतं का ते विचारा.

तुमच्या गाडीची ओढ कुठल्या बाजूला आहे आणि पॅड कसे निघाले, त्याचे फोटो पाठवा. पुढच्या भागात भेटू. सावकाश जा, सरळ थांबा!